पाण्याचा निवाडा कोणी करावा?



या व्याख्यानासाठी मला नेमून दिलेला विषय ‘जलसंपत्तीच्या व्यवस्थापनातील शाश्वत निर्णय’ असा आहे. हे व्याख्यान आता छापील स्वरूपात वाचकांच्या हाती जात असल्यामुळे, जे समोर बसले होते त्यांच्याइतकेच जे वाचीत आहेत त्यांनाही मी उद्देशून बोलत आहे असे समजावे. विषयाचे नाव भारदस्त आहे. त्यातील ‘शाश्वत’ या शब्दाबद्दल मात्र आरंभीच दोन शब्द बोलणे भाग आहे. सर्व संस्कार अनित्य आहेत असे शिकविणाऱ्या तथागताचे आपण अनुयायी आहोत, आणि ज्या सस्सतवादाचे त्यांनी खंडन केले त्याच कुळातील शब्द आज शासनाच्या प्रत्येक जलधोरणावर मिरवत आहे, ही गंमत आपल्या लक्षात यावयास हरकत नाही. सबब मी ‘शाश्वत’ न म्हणता ‘टिकाऊ’ म्हणेन.

टिकाऊ निर्णय कशास म्हणावे? पाऊस दरवर्षी सारखा पडत नाही. धरण भरलेले असता केलेली वाटणी सर्वांनाच मान्य होते. तिची खरी परीक्षा ज्या वर्षी मृग कोरडा जातो त्या वर्षी होते. त्या वर्षी ज्याच्या वाट्याला कमी पाणी आले तो मनुष्यदेखील, चरफडत का होईना, जो निर्णय पाळतो त्याला मी टिकाऊ निर्णय म्हणतो. आणि माझा वकिलीचा अनुभव असा आहे की, निवाडा होण्यापूर्वी ज्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले तोच मनुष्य प्रतिकूल निवाडा पाळतो. ज्याला नोटीसच लागली नाही त्याच्यावर हुकूमनामा बजावता येतो, परंतु तो त्याला बांधून ठेवता येत नाही. पाण्याच्या बाबतीत आपल्या देशात नोटीस कोणाला लागते आणि कोणाला लागत नाही, एवढाच प्रश्न मी आज तपासणार आहे.

हा प्रश्न नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, याचे जे कारण बाबासाहेबांनी त्यात दिले आहे ते आपणांस ठाऊक आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून तो घर सोडून गेला ही जुनी कथा त्यांना पटली नाही. त्यांनी पुढे आणले ते रोहिणी नदीच्या पाण्याचे भांडण. शाक्य आणि कोलीय या दोघांची शेती त्या एका नदीवर. पाणी प्रथम कोणी घ्यावे आणि किती घ्यावे यावरून दरसाल तंटा. एका वर्षी हाणामारी झाली. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव संघापुढे मांडला. सिद्धार्थाने त्याला विरोध करून उपसूचना आणली: दोन माणसे आपण निवडावी, दोन कोलीयांनी निवडावी, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून तंटा मिटवावा. ही उपसूचना मोठ्या बहुमताने फेटाळली गेली, आणि पुढे सिद्धार्थाच्या वाट्याला परिव्रज्या आली.

वकिलाच्या दृष्टीने पाहिले तर ही उपसूचना म्हणजे आजच्या जलविवाद लवादाचा नमुनाच होय. दोन्ही पक्षांना समान स्थान, आणि निर्णय देणारा दोघांनाही मान्य असलेला. एका पक्षाने एकट्याने ठरविलेला निर्णय बहुमताचा असला तरी नदीच्या पलीकडच्या काठाला तो लागू पडत नाही, हे त्यात गृहीत धरलेले आहे. आपल्या संविधानातील २६२ वे कलम आणि १९५६ चा आंतरराज्य जलविवाद कायदा यांची बैठक हीच आहे.

परंतु त्या कथेतील आणखी एक तपशील आपण भरभर वाचून पुढे जातो. त्या वर्षी हाणामारी झाली ती कोणाकोणांत? शाक्यांचे सेवक आणि कोलीयांचे सेवक यांच्यात. डोकी फुटली ती सेवकांची. ठराव झाला तो संघात, आणि संघात सेवकांना आसन नव्हते. ज्यांनी शेताला पाणी दिले आणि पाण्यासाठी मार खाल्ला, त्यांचे पाणी त्या वाटणीत कोठे होते?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी महाडकडे वळणे आवश्यक आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर काय घडले ते येथे सांगण्याची गरज नाही. त्यानंतर न्यायालयात काय घडले ते मात्र आपल्यातील शिकलेल्यांनाही फारसे माहीत नसते. डिसेंबर १९२७ मध्ये स्पृश्य मंडळींनी दिवाणी दावा लावला. त्यांची बाजू दोन खांबांवर उभी होती. एक असा की तळे हे आसपासच्या चौधरी मंडळींच्या खाजगी मालकीचे आहे. दुसरा असा की अस्पृश्यांनी ते वापरू नये अशी अनादिकालापासूनची वहिवाट आहे. दावा दहा वर्षे चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्याचा शेवट झाला. तळे नगरपालिकेचे ठरले, आणि अनादि वहिवाट शाबीत झाली नाही असे न्यायालयाने म्हटले. आम्ही आधीपासून घेत आलो आणि तुम्ही आधीपासून घेत नव्हता, एवढ्याने पाण्यावर हक्क उत्पन्न होत नाही. हक्क सांगणाऱ्याने तो सिद्ध केला पाहिजे. महाडचा हा कायदेशीर सारांश मनात ठेवा. पुढे गोदावरीकाठी त्याची गरज पडणार आहे.

संविधानाच्या पंधराव्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमाने विहिरी, तलाव आणि स्नानघाट सर्व नागरिकांस खुले केले. हे कलम म्हणजे महाडच्या पाण्याला मिळालेले कायद्याचे रूप होय. पण त्याच संविधानाच्या राज्यात १८८२ चा सुखाधिकारांचा कायदा, जो १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू करण्यात आला, तो अजून जिवंत आहे. त्याच्या सातव्या कलमाखालील दृष्टान्तात असे म्हटले आहे की, आपल्या जमिनीखाली जे पाणी निश्चित प्रवाहाने वाहत नाही ते गोळा करण्याचा आणि आपल्या हद्दीत त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क जमीनमालकास आहे. म्हणजे ज्याची जमीन त्याचे भूजल. ज्याला जमीन नाही त्याला भूगर्भातील एका घागरीवरही मालकी हक्काने बोट ठेवता येत नाही.

आता ही दोन कलमे एका गावात शेजारी ठेवून पाहा. आपल्या वस्तीजवळ सार्वजनिक विहीर आहे. पंधराव्या कलमाप्रमाणे तिच्यावर कोणी आपणांस अडवू शकत नाही. अडविले तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. परंतु त्या विहिरीच्या वरच्या अंगाला एका बागायतदाराने तीनशे फूट बोअर घेतले आणि आपली विहीर माघ महिन्यातच कोरडी पडली, तर कोणत्या कलमाखाली फिर्याद द्यावी? त्याने आपल्याला अडविलेले नाही. त्याने विहिरीला हातही लावलेला नाही. विहीर खुली आहे, रहाट आहे, पाणी तेवढे नाही. पूर्वी पाणवठ्यावर माणूस उभा राहून मनाई करीत असे. आता मनाई जमिनीखालून होते आणि तिला जात विचारण्याचीही गरज पडत नाही.

शासनाला हे कळत नव्हते असे नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेऊ नये, असे १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सांगितले. २००९ च्या व्यापक भूजल कायद्याने, जो प्रत्यक्षात २०१४ साली अंमलात आला, अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरहून खोल विहिरीला मनाई केली. कायदा चांगला आहे. परंतु बोअरची गाडी रात्री येते आणि पहाटे निघून जाते, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार अर्ज घेऊन तहसील कचेरीत जाणारा मनुष्य बहुधा त्याच बागायतदाराच्या शेतावर रोजंदारीला जाणारा असतो. तो अर्ज का करीत नाही, हे तुम्ही मला सांगावयास नको.

येथे माझ्या धंद्यातील एक गोष्ट सांगतो. सामाईक विहिरीचे जुने वाटणीपत्र वाचण्यात मला नेहमी आनंद वाटतो. चार भावांत वाटणी होते. विहिरीतील हिस्सा कोणाचा चार आणे, कोणाचा दोन आणे. मोटेची पाळी आठ दिवसांतून कोणाला किती दिवस. गाळ काढण्याचा खर्च कोणी किती द्यावा. उन्हाळ्यात पाणी खाली गेले तर पाळी कशी आखडावी. सारे लिहिलेले असते. मोटेच्या जागी विजेचा पंप आला आणि दिवसांच्या जागी तास आले, एवढाच फरक. ही टिकाऊ निर्णयाची उत्तम देशी घडण आहे. तिच्यात हिस्सा ठरलेला आहे, तुटीची वाटणी ठरलेली आहे आणि खर्चही ठरलेला आहे. उणे एकच आहे. हे सारे भावाभावांत आहे. त्याच विहिरीचा गाळ ज्याने उपसला, त्याचे नाव कागदावर मजूर म्हणूनसुद्धा नसते.

आता गोदावरी. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पायाभरणी समारंभ १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाला आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. उपयुक्त साठा सुमारे ७६ अब्ज घनफूट. मराठवाड्याची तहान आणि शेती यावर अवलंबून. वरच्या अंगाला नाशिक आणि नगर जिल्ह्यांत दारणा, गंगापूर, भंडारदरा, मुळा ही धरणे. त्यांतील काही तर इंग्रजी अमदानीतील. वर अडविलेले पाणी खाली येत नाही, हे समजण्यास अभियंता असावे लागत नाही. तुटीच्या वर्षी वरची धरणे बरीच भरलेली आणि जायकवाडी रिकामे, असे दृश्य वारंवार दिसू लागले.

२००५ साली महाराष्ट्र विधिमंडळाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्याच्या बाराव्या कलमात एक तरतूद अशी आहे की, तुटीची झळ खोऱ्यातील सर्वांनी समन्यायाने सोसावी म्हणून ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व धरणांतील वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी जवळजवळ सारखी राहील अशा रीतीने साठ्यांचे नियंत्रण करावे. मी अनेक कायदे वाचले आहेत. दुष्काळाची वाटणी करण्याचे असे कर्तव्य शासनावर घालणारे वाक्य आपल्या विधिसंग्रहात दुर्मिळ आहे. परंतु वाक्य लिहिले गेले आणि कपाटात पडले. मेंढेगिरी समितीने २०१३ साली त्याचे गणित मांडले. २०१४ साली प्राधिकरणाने आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे, असे ते सूत्र होते. २०१५ च्या दुष्काळात १२.८४ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि वरच्या जिल्ह्यांत आंदोलने पेटली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले.

वरच्या भागाचे म्हणणे काय होते? आमचे कालवे जुने आहेत, आमच्या बागा आणि आमचे ऊस या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत, आमची वहिवाट आहे. १९३७ चा निवाडा मनात ठेवा असे मी म्हटले ते यासाठी. आधी घेत होतो म्हणून सर्वच आमचे, हा युक्तिवाद तळ्याच्या काठी चालला नाही, तो नदीच्या काठीही चालू नये. तथापि न्यायाने बोलावयाचे तर वरच्या शेतकऱ्याची एक तक्रार खरी आहे. धरण आखताना खोऱ्यात जितके पाणी धरले होते तितके प्रत्यक्षात मिळत नाही, आणि कोरड्या नदीपात्रातून सोडलेल्या पाण्यापैकी बरेच वाटेतच मुरते. म्हणून सूत्राचा वेळोवेळी फेरविचार झालाच पाहिजे; २०२३ साली त्यासाठी शासनाने अभ्यासगटही नेमला. फेरविचाराची सोय असणे हा टिकाऊ निर्णयाचा दोष नव्हे. अनित्यतेचा सिद्धान्त मानणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

माझी तक्रार निराळी आहे. या सर्व वादात दोन्ही बाजूंना वकील होते, संघटना होत्या, आमदार होते. वर ऊस आणि द्राक्षे, खाली ऊस आणि मोसंबी. दोन्ही काठांच्या मधोमध जो बीड जिल्ह्यातील मनुष्य दसरा-दिवाळी झाली की बायकामुलांसह कोयता घेऊन वरच्या काठाचा ऊस तोडावयास जातो, तो या प्रकरणात कोणत्या पक्षाचा? त्याला ना वादी केले गेले ना प्रतिवादी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा साऱ्या देशाने ती गाडी पाहिली. त्याच उन्हाळ्यात ज्या खेड्यांना गाडीही नव्हती आणि टँकरच्या रांगेत ज्यांचा हंडा शेवटी लागत होता, त्यांची वाटणी कोणत्या सूत्रात बसविलेली होती? रोहिणीचे सेवक अजून संघाबाहेरच उभे आहेत.

ते बाहेर का आहेत? कायद्याने त्यांना बाहेर ठेवले आहे म्हणून. २००५ सालीच सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा दुसरा कायदा झाला आणि पाणी वापर संस्था निघाल्या. कल्पना चांगली. पाणी मोजून घ्यावे, वाटप शेतकऱ्यांनीच करावे. पण सभासद कोण? लाभक्षेत्रात ज्याच्या नावे जमीन आहे वा जो ती कायदेशीरपणे कसतो तो. भूमिहीन मजुराला सभासदत्व नाही. गायरानावर घाम गाळून ज्याने चार पायल्या ज्वारी पिकविली, पण सातबाऱ्यावर ज्याचे नाव चढले नाही, त्यालाही नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली आपल्या माणसांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. ती मागणी पुरी झाली असती तर पाण्याची मागणी आपोआप तिच्या पाठोपाठ आली असती, कारण आपल्या कायद्यात पाणी जमिनीच्या शेपटाला बांधलेले आहे. जमीन मिळाली नाही, म्हणून पाणीही मिळाले नाही, आणि पाण्याच्या सभेत बसण्याची जागाही मिळाली नाही.

वरच्या पातळीवर तरी काय दिसते? नियमन कायद्याप्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद आहे. एकात्मिक राज्य जल आराखडा तयार करून त्याप्रमाणेच प्रकल्प मंजूर करावयाचे आहेत. त्या परिषदेची कित्येक वर्षे एक बैठकही झाली नाही, आराखडा नव्हता आणि प्रकल्प मात्र मंजूर होत राहिले. शेवटी जनहित याचिका झाली, न्यायालयाने खडसावले, तेव्हा आराखड्याचे काम हलले. दरम्यान २०११ साली कायद्यात दुरुस्ती करून, शेती, उद्योग आणि पिणे यांच्यात पाणी कसे वाटावे हे ठरविण्याचा अधिकार प्राधिकरणाकडून काढून मंत्रिमंडळाकडे नेण्यात आला, आणि पूर्वी दिलेल्या पाण्याला संरक्षणही देण्यात आले. ज्या न्यायपीठापुढे नागरिकाला उभे राहून हरकत घेता आली असती तेथून विषय उठला आणि जेथे हरकत घेण्याची सोयच नाही तेथे जाऊन बसला. माझ्या मते त्या कायद्यावरील हा सर्वांत मोठा घाव आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सभासद होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ च्या महापुरानंतर दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या खात्याने पुढे रेटली, आणि १९४५ च्या कलकत्ता व कटक येथील परिषदांत त्यांनी आग्रह धरला तो पुराला केवळ बंधारे घालून न थोपविता नदीचा संपूर्ण उपयोग करण्याचा. सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करण्याचा. नदी हे एक अखंड कुटुंब आहे, ही दृष्टी त्यांनी दिली. ते त्या खात्यातून गेल्यावर १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ झाले, तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत अशी चारच मोठी धरणे मूळ योजनेप्रमाणे उभी राहिली, आणि पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्या संथाळ आदिवासींना त्या महामंडळात आसन मिळाले नाही. अखंड नदीचा विचार झाला; अखंड समाजाचा राहून गेला.

तो करता येतो, याला महाराष्ट्रात पुरावा आहे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम थोडके होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबास अडीच एकरांपर्यंत. ऊस लावावयाचा नाही. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जात नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा आहे. सांगली जिल्ह्यात येरळेवर लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणाच्या चळवळीनेही भूमिहीनाचा वाटा मान्य केला. हे लहान प्रयोग आहेत, विजेचे बिल आणि पिकाचा मोह यांनी पुढे अनेक पाणी पंचायती थकल्या, हे आक्षेप मला ठाऊक आहेत. परंतु भूमिहीनाला वाटा दिल्यामुळे पाणी पंचायत बुडाली असे कोणी दाखवून दिलेले नाही. ज्याला जमीन नाही तो पाणी घेऊन काय करणार, असा प्रश्न हटकून विचारला जातो. तो ते खंडाने घेतलेल्या तुकड्याला देईल, शेळ्यांना पाजील, शेजाऱ्याबरोबर अर्धेलीने पीक घेईल. काय करणार हा प्रश्न साखर कारखान्याला कोणी विचारीत नाही.

आता काम. पुढील ऑक्टोबरच्या पंधरवड्यात आपल्या तालुक्याच्या धरणात किती टक्के पाणी आहे आणि खोऱ्यातील इतर धरणांत किती, हे माहितीच्या अधिकाराखाली लेखी मागवावे. आपल्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत किती बोअर आहेत आणि त्यांतील किती परवानगीने आहेत, याची यादी ग्रामपंचायतीकडे मागावी, आणि अर्ज एकट्याने न करता वस्तीतील वीस-पंचवीस सह्यांनी करावा, म्हणजे रोजगार तुटण्याची धमकी एका घरावर पडणार नाही. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो तेव्हा पिण्याचे, जनावरांचे आणि भूमिहीनांच्या परसबागेचे पाणी पिकांच्या आधी लिहिले जावे असा ठराव मांडावा. तो फेटाळला गेला तरी इतिवृत्तात नोंदवून घ्यावा व त्याची नक्कल मागावी. पाणी वापर संस्थेच्या सभासदत्वाची व्याख्या बदलण्यासाठी विधिमंडळाच्या सदस्याकडे जे निवेदन द्यावयाचे त्याचा मसुदा मी तयार केला आहे. ज्या गावांना तो हवा असेल त्यांनी आपल्या विहिरींची यादी सोबत आणावी.